घास अडकतो त्याला पित्ताची गोळी नको

महोदय,

सरकारी कर्करोग तपासणीत तिशीपुढच्या लोकांचं तोंड, आणि बायकांचे स्तन व गर्भाशयमुख पाहतात. ते हवंच. पण अन्ननलिकेचा आणि जठराचा कर्करोग त्यात सापडत नाही. ग्लोबोकॅन या जगभरच्या कर्करोग-आकडेवारीच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात या दोन्हींचे मिळून वर्षाला एक लाखाहून जास्त नवे रुग्ण असतात. हे रुग्ण दवाखान्याच्याही आधी औषधाच्या दुकानात येतात.

परांड्यात माझं मेडिकल आहे. "ताई, ती रिकाम्या पोटी घ्यायची पित्ताची गोळी द्या," ही रोजची मागणी. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल ही शेड्यूल एचची औषधं, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. गावोगाव प्रत्यक्षात काय चालतं ते आपण जाणताच. मी चिठ्ठी मागते आणि सोबत विचारते, "जेवताना घास अडकतो का?" पुरुष हमखास "नाही" म्हणतात. खरं उत्तर मागे उभ्या असलेल्या बायकोकडून येतं: "भाकरी कुठं खातात आता? दुधात कुस्करून देते." आधी ज्वारीची भाकरी आणि मटण सुटतं, मग भात पातळ होतो, मग पेज. माणूस इतक्या सावकाश जुळवून घेतो की त्याला तो आजार वाटतच नाही. घास अडकू लागतो तोवर नळी बरीच अरुंद झालेली असते, म्हणून त्यापुढचा एकेक महिना महागात पडतो. कारणांमध्ये तंबाखू, दारू यांच्याइतकीच आमच्याकडची मिश्रीही (दातांना लावायची भाजलेल्या तंबाखूची पूड) लक्षात ठेवायला हवी, नाहीतर बायकांना कुणी विचारतच नाही.

जठराचं दुखणं याहून लबाड. चार घास खाल्ले की पोट गच्च होतं, वजन उतरतं, शौचाला काळं होतं. (लोहाच्या गोळ्यांनीही काळं होतं, ते आधी विचारावं.) साठीच्या पुरुषाचं हिमोग्लोबिन कमी निघालं की लोहाच्या गोळ्या लिहून मिळतात, रक्त जातंय कुठं, हे क्वचितच कुणी शोधतं.

"सोनोग्राफी नॉर्मल आहे," असं सांगून लोक निश्चिंत होतात. सोनोग्राफीत अन्ननलिकेचं आणि जठराचं आतलं अस्तर तपासता येत नाही. त्यासाठी तोंडातून दुर्बीण घालूनच बघावं लागतं, आणि ते काम काही मिनिटांचं असतं. पित्ताच्या गोळीने जळजळ थांबते, कधी कर्करोगाची जखमही वरवर भरल्यासारखी दिसते, आणि निदान लांबतं.

ॲसिडिटीच्या प्रत्येकाला दुर्बीण घाला, असं मी म्हणत नाही. तशाने खऱ्या गरजूचा नंबरच लागणार नाही. ब्रिटनमध्ये फॅमिली डॉक्टरांना असलेली सूचना मला पटते: गिळायला त्रास होत असेल तर वय न बघता तातडीने दुर्बीण, पंचावन्नच्या पुढे वजन घटतंय आणि सोबत वरच्या पोटात दुखणं, जळजळ किंवा अपचन आहे, तरीही तेच. आपल्याकडे उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय अशा पायऱ्या चढत रुग्ण जातो आणि प्रत्येक पायरीवर त्याला तीच गोळी मिळते. घास अडकणाऱ्याला पहिल्याच पायरीवरून थेट दुर्बिणीची चिठ्ठी देण्याचा अधिकार आरोग्य विभागाने द्यावा.

शेजारच्या बार्शीत १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालू आहे, आमचा परांडा तालुकाही तिच्यात येतो. त्या कामासाठी गावोगाव फिरणाऱ्यांनी लोकांना लक्षणं समजावून सांगितली, तेव्हा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बायका आधीच्या टप्प्यातच उपचाराला येऊ लागल्या. हे नव्वदच्या दशकात इथंच दिसलेलं आहे. मग आशाताईंच्या प्रश्नांत "भाकरी खाता येते का?" एवढा एक प्रश्न घालायला काय हरकत आहे? आणि अन्न व औषध प्रशासनाने प्रत्येक मेडिकलमध्ये पाटी लावायला सांगावी: 'घास अडकतो? गोळी मागू नका, डॉक्टरांना दुर्बिणीचं विचारा.'

– एक औषधविक्रेती, परांडा (जि. धाराशिव)