बाळ्या, कार्बोरेटर मागवू नकोस

कोल्हापूर

प्रिय बाळ्या,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तुझं निम्मं बोलणं किनाऱ्यावरच्या वाऱ्यानंच नेलं, पण मुद्दा कळला. पावसाळाभर ताडपत्रीखाली पडून असलेल्या एटीव्ही, म्हणजे बीचवरच्या चार चाकी गाड्या, तू बाहेर काढल्यास, एकही धड चालेना, आणि तुझा मिस्त्री म्हणतो तिन्हींचे कार्बोरेटर (पेट्रोल-हवा मिसळून इंजिनाला देतात ते) गेले, नवीन टाका. दिवाळीची गर्दी तोंडावर, नागावला मुंबईची माणसं उतरायला लागतील, म्हणून तूही पैसे काढून बसलास. थांब लेका. छोटी 110 सीसीची चोकशिवाय (थंड इंजिनाला जादा पेट्रोल देतो तो) चालू राहत नाही, लाल 150 थोडी पळून बंद पडते, हिरवी 150 काळा धूर ओकते. तीन गाड्या, तीन तऱ्हा, आणि औषध एकच? मुद्दाम लिहून पाठवतोय, कारण फोनवर तू 'हां हां' म्हणतोस आणि शेवटी मनातलंच करतोस.

आधी टाक्या रिकाम्या कर. आता पंपावर मिळतं ते पेट्रोल 20 टक्के इथेनॉलचं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि कोकणातल्या पावसाळ्यात ओलाव्याला काय तोटा! पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की ते इथेनॉलला बरोबर घेऊन पेट्रोलपासून फुटतं आणि तळाशी जाऊन बसतं. इंजिन पेट्रोल ओढतं तेही तळातूनच. खात्री करायची असेल तर कार्बोरेटरच्या खालच्या वाटीला जो ड्रेन स्क्रू आहे तो सैल कर आणि येईल ते काचेच्या बाटलीत धर. पाच मिनिटं बाटली हलवू नकोस. मग उजेडाला धर. खाली वेगळा थर किंवा गोळ्यांसारखे थेंब लोळताना दिसले, तर कार्बोरेटरला शिव्या घालण्यात अर्थ नाही. आणि हे पेट्रोल वाया कशाला घालवायचं म्हणून वहिनींच्या स्कूटीत ओतू नकोस, तीही दारात बसेल.

ताजं पेट्रोल घाल, नवा स्पार्क प्लग लाव (गॅप 0.6 ते 0.7 मिमी), आणि मग छोटीकडे वळ. तिची तक्रार सगळ्यात सोपी आहे. चोक ओढला की चालते, चोक सोडला की मरते, पण रेस धरून ठेवली तर पळते. याचा अर्थ स्लोचा (इंजिन जागेवर चालतं त्या वेगाचा) जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोकाचं पितळी नळकांडं, बुजलाय. त्यालाच पायलट जेट म्हणतात. कार्बोरेटरमध्ये पेट्रोलच्या वाटा वेगवेगळ्या असतात, आणि अंगठ्याखालचा अ‍ॅक्सिलेटर किती दाबलाय त्यावर कुठली वाट काम करते ते ठरतं. अगदी थोडा दाबलेला असताना पायलट जेट आणि मिक्श्चर स्क्रू (मिश्रण कमीजास्त करणारा), पाव ते पाऊण कार्बोरेटरमधली सुई, त्यापुढे मेन जेट. म्हणून अ‍ॅक्सिलेटरच्या घरावर मार्करनं पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा कर आणि गाडी नेमकी कुठल्या खुणेवर अडखळते ते बघ. एवढं केलंस की कार्बोरेटर उघडण्याआधीच आत कुठं बघायचं ते कळतं. बहुतेक मिस्त्री हे करत नाहीत, थेट पाना घेतात.

आता जेट साफ करायचा कसा. वाटी उघडलीस की कडेला पांढरी पावडर आणि पितळेवर हिरवट थर दिसेल. मेन जेटचं भोक डोळ्याला दिसतं, पायलटचं जेमतेम. त्यावर 35 असा आकडा असला तर भोक साधारण 0.35 मिमीचं. त्यात शिवायची सुई घालू नकोस. पितळ मऊ असतं, एक ओरखडा पडला की जेट कायमचा मोठा झाला. वायरीतली तांब्याची एक तार काढ, तीच घाल, आणि जेट आकाशाकडे धरून बघ. उजेडाचा ठिपका स्वच्छ गोल दिसला पाहिजे, चपटा किंवा केसाळ नाही. जेट साफ झाला म्हणजे काम झालं असंही नाही, कारण कचरा त्याच्यामागच्या वाटेतही असतो. त्या भोकात क्लीनरचा फवारा मार आणि कार्बोरेटरच्या गळ्यात, इंजिनच्या बाजूला जी बारीक भोकं आहेत, तिथून धार येते का बघ. डोळ्यांवर चष्मा असू दे, ती धार नेमकी डोळ्यातच येते.

मिक्श्चर स्क्रू काढण्याआधी हलक्या हातानं आत बसव आणि किती फेरे गेले ते लिहून ठेव. परत लावताना आकडा हाताशी नसला तर बसवून दीड ते दोन फेरे बाहेर. इंजिन गरम झाल्यावर स्लो सगळ्यात चढा आणि एकसारखा लागेल तिथं स्क्रू ठेव, मग वाढलेला स्लो दुसऱ्या, स्लोच्या स्क्रूनं खाली आण. मिक्श्चरचा स्क्रू इंजिनच्या बाजूला असला तर तो पेट्रोलचा, बाहेर काढला की मिश्रण गाढ होतं, म्हणजे पेट्रोल वाढतं. हवेच्या फिल्टरच्या बाजूला असला तर हवेचा, तिथं नेमकं उलटं. यात घोळ झाला की माणूस दिवसभर उलट्या दिशेनं फिरवत बसतो.

लालचं दुखणं मला कार्बोरेटरमध्ये वाटतच नाही. दहा-पंधरा मिनिटं छान पळते, मग गळाठते, थोडी उभी ठेवली की पुन्हा सुरू होते. ती मरायला लागली की तिथंच टाकीचं झाकण उघड. 'फुस्स' आवाज आला आणि गाडी सावरली, तर झाकणातलं हवेचं भोक वाळूनं बुजलंय. टाकीत हवा जात नाही, म्हणून पेट्रोल उतरत नाही. फुकटातलं काम. झाकण उघडून फरक पडला नाही, तर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व आणि त्याला दाबणाऱ्या भागातली फट, बघ. गॅप कमी झाला की गरम झाल्यावर व्हॉल्व नीट मिटत नाही आणि काँप्रेशन जातं. इंजिन पूर्ण थंड असताना फीलर गेजनं (मापाच्या पातळ पत्र्यानं) मोज, या 150 च्या इंजिनाला साधारण 0.1 मिमी. तेही बरोबर असेल तर ठिणगीची कॉइल.

हिरवीकडे मात्र सावकाश जा. काळा धूर आणि काळा सुका प्लग म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. आधी फिल्टर. वाळूनं गच्च झाला असेल तर स्पंज धू, वाळव, तेलाचा हात दे, मगच बसव. कोरडा स्पंज बारीक वाळू अडवत नाही, ती सिलिंडरला चरे पाडते. काही जण पिकअप वाढेल म्हणून फिल्टरचा डबाच काढून टाकतात. बीचवर चालणाऱ्या गाडीला याहून मोठी शिक्षा नाही. फिल्टर ठीक असेल तर ऑटो चोक, आपोआप सुटणारा. कार्बोरेटरच्या अंगाला जो काळा गोल भाग आहे, दोन वायरींचा, तो काढून 12 व्होल्ट दे. काही मिनिटांत त्याची दांडी हळूहळू बाहेर सरकली पाहिजे. नाही सरकली, किंवा खाऱ्या हवेनं वायरच तुटलेली असली, तर गाडी सतत चोकवरच चालतेय असं समज. तिसरी शंका पेट्रोल कॉकची, टाकीखालच्या तोटीची. तो इंजिनच्या ओढीनं, व्हॅक्यूमवर, उघडतो. त्याची व्हॅक्यूमची बारीक नळी काढ. तिच्यात पेट्रोल निघालं तर आतला डायफ्राम (रबरी पडदा) फाटलाय आणि इंजिन त्या वाटेनंही पेट्रोल पितंय.

आणि एक. हिरवीला सेल्फ मारण्याआधी ऑइलची काडी काढून वास घे. पेट्रोलचा वास आला किंवा ऑइल पातळ होऊन वर चढलेलं दिसलं, तर गाडी चालू करू नकोस. आधी गळती बंद कर, ऑइल बदल, मगच. हे सगळं मोकळ्या हवेत कर, आणि तुझा तो बिडीवाला पोऱ्या चार हात लांब असू दे.

इंजिन आणि कार्बोरेटरमधला रबर तिन्ही गाड्यांचा वाकवून बघ. भेग असेल तर तिथून हवा घुसते, स्लो वरखाली होत राहतो. नवा कार्बोरेटर घेतलास तरी तो त्याच फाटक्या रबरावर बसणार, मग पैसे कशाला घातले? शिवाय स्वस्तातल्या नव्या मालात कुठला जेट येईल याचा भरवसा नाही. शुद्ध पेट्रोलला वजनानं एका भागाला 14.7 भाग हवा लागते, इथेनॉलला फक्त 9. म्हणजे तोच जेट या पेट्रोलवर आधीच थोडा उपाशी चालतो. छोटी साफ करूनही गरम असताना चोक मागत राहिली, तर पायलट एका नंबरनं मोठा घाल. पंधरा मिनिटांचं काम.

प्लगवर ठिणगीच येत नसेल तर वर लिहिलेलं सगळं बाजूला ठेव आणि आधी किल स्विच बघ, ती मनगटाला बांधायची दोरी असते ना, तिचा. खाऱ्या हवेत त्याचे कॉन्टॅक्ट पहिले सडतात.

रविवारी तिन्ही प्लग काढून उजेडात फोटो पाठव, खाली कुठल्या गाडीचा ते लिही. गेल्या वेळेसारखे सगळे एकत्र टाकू नकोस. कार्बोरेटरचे पैसे वाचले तर वहिनींना सांगून सुरमई खाऊ घाल, दिवाळीनंतर येतोय.

तुझाच,
दिग्या