जलपर्णीसोबत तिचा शत्रूही बाहेर फेकला जातो

संपादक महोदय,

पावसाळा सरला की उल्हास नदीत आणि कोकणातल्या अनेक गावतळ्यांत जलपर्णी पुन्हा पाणी झाकून टाकते. मग निविदा निघते, पोकलेन लागतो, तळे साफ होते. चिखलात बी राहिलेले असते आणि ते कित्येक वर्षे रुजण्याजोगे राहते. काठावरच्या ढिगात मात्र जलपर्णी खाणारा भुंगेरा वाळून मरतो, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

निओचेटिना हे त्याचे नाव. मूळच्या दक्षिण अमेरिकेतल्या याच्या दोन जाती 1980 च्या दशकात बेंगळुरूला आणून, चाचण्या घेऊन सोडल्या गेल्या. भुंगेरा जेमतेम 4-5 मिलिमीटरचा. दिवसा गाभ्यात दडतो, रात्री पानाचा पापुद्रा कुरतडतो. अंडी देठात घालतो. पांढरी, बिनपायांची अळी देठ पोखरत गाभ्यापर्यंत उतरते. देठात पाणी शिरते, कोंब मरतो, झाड हळूहळू बुडते. वाढ पुरी झाली की अळी मुळ्यांवर जाते आणि मुळ्यांचे तंतू कुरतडून त्यांचाच गोळा स्वतःभोवती गुंडाळते. जलपर्णीची काळपट, झुपकेदार मुळी हातात घेऊन पाहा, मिऱ्याएवढी गोळी चिकटलेली दिसेल. तो कोष.

म्हणून पाणी हवे. एप्रिल-मे महिन्यांत तळे आटते, मुळ्या चिखलात रुततात आणि कोष धरायला जागा उरत नाही. कोकणातल्या उथळ तळ्यांत भुंगेरे सोडून जलपर्णी आटोक्यात आणण्याचा प्रयोग फसण्याचे मोठे कारण हेच. अंड्यापासून भुंगेऱ्यापर्यंत साधारण तीन महिने लागतात. तेव्हा भुंगेरे ऑक्टोबरातच सोडावेत, म्हणजे पाणी आटायच्या आत दोन पिढ्या निघतात. उन्हाळ्यातही पाणी टिकणारी तळी आधी निवडावीत. नद्यांचे दुखणे वेगळे: पुरात जलपर्णी भुंगेऱ्यांसकट खाडीत वाहून जाते, खाऱ्या पाण्यात दोन्ही मरतात, आणि वरून नवी, भुंगेरे नसलेली जलपर्णी येते.

मुळावरची कीड म्हटली की शेतकऱ्याला हुमणी आठवते, आणि ही भीती रास्त आहे. पण हुमणी मातीत राहून नाना पिकांची मुळे खाते. निओचेटिनाची पिढी जलपर्णीवरच पुरी होते. भात, नारळ, सुपारी यांना तिचा धोका नाही.

आमची मागणी साधी आहे. यंत्र लावण्याआधी पाने तपासावीत. पानांवर 2-3 मिलिमीटरचे फिकट, कुरतडलेले डाग भरपूर असतील तर भुंगेरे तिथे आहेत. अशा ठिकाणी निदान चौथाई जलपर्णी बांबूचे तरंगते कुंपण घालून राखावी आणि तिथे तणनाशक मुळीच फवारू नये. झाड एकदम मेले की आतल्या अळ्याही मरतात. डाग नसतील तर दुसऱ्या तळ्यातली, भुंगेरे असलेली झाडे पाण्याच्या टबातून आणून सोडता येतात. सुकू दिली की कोष गेले. आणि फळ दिसायला दोन-तीन वर्षे लागतात, एका आर्थिक वर्षात हिशेब मागू नये.

सांडपाणी तसेच येत राहिले तर मात्र जलपर्णी भुंगेऱ्यांच्या खाण्यापेक्षा वेगाने वाढते. त्या तळ्यांत आधी गटाराचे तोंड बंद करावे, भुंगेरे त्यानंतर.

– जलवनस्पती व कीटकांचे अभ्यासक, जि. रायगड