बाबा, यंदा युरिया निम्मा

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, आधी सांगून टाकते. यंदा मक्याला एकरी 200 किलो नाही, 105 किलोच युरिया पडणार. शेतावरच्या दादांशी बोलून झालंय, पोतीही तेवढीच मागवलीत. तुम्हाला न विचारता ठरवलं याची बोच आहे. पण विचारलं असतं तर तुम्ही "बघू" म्हणाला असतात, आणि तुमचं "बघू" मी लहानपणापासून ओळखते.

गेल्या वर्षी वारा सुटला आणि उभं पीक लोळलं. तुम्ही मक्याचं एकेक ताट उचलत बसलात आणि कंबर धरली. मी त्या आठवड्यात यायला हवं होतं. आले नाही, ते अजून सलतं.

तुमचं चुकलं असं नाही हो. मका खादाडच. टनभर दाण्यांसाठी त्याला 20-25 किलो नत्र लागतं, युरियातून मिळतं तेच. उपाशी राहिला तर खालच्या पानात शेंड्यापासून मधल्या शिरेने पिवळी पाचर उतरते आणि कणसाचं टोक बोळकं राहतं. हे तुम्हीच मला पान हातात धरून दाखवलंत. पण पहिल्या किलोंनी उतारा जितका वाढतो, तितका पुढच्या किलोंनी वाढत नाही. पुढे तर थांबतोच. नुसती काळोखी चढते, ताट उंच आणि मऊ होतं, उरलेलं नत्र पाण्याबरोबर मुळांच्या खाली निघून जातं. शिवाय माती तपासली तर पालाश कमी निघालं. ताटाला बळ त्याचं, आणि ते आपण कधी दिलंच नाही. म्हणजे दोष एकट्या युरियाचा नव्हता. पालाश यंदा पेरतानाच देतोय.

युरियाचे तीन हप्ते, प्रत्येकी 35 किलो: पेरताना, गुडघाभर झाल्यावर आणि तुरा पडायच्या आधी. सहा-आठ पानांनंतर मक्याची भूक खरी उघडते. कणसावर दाण्यांच्या किती रांगा येणार हेही तेव्हाच ताटाच्या आत ठरतं, बाहेरून काही दिसत नाही.

बांधाकडच्या चार ओळींना मात्र तुमच्याच मापाने द्यायला सांगितलंय. काढणीला दोन्हीकडची सारख्या लांबीची ओळ काढू, दाणे सारखे वाळवू, तुम्ही स्वतः वजन करा. तुमच्या ओळी भारी ठरल्या तर पुढच्या वर्षी तुमचंच माप.

आता ऐका. पोतं उचलायचं नाही, अर्धंसुद्धा. पेरताना युरिया बियाला चिकटू द्यायचा नाही. मातीवर नुसता फेकून ठेवायचा नाही, अमोनिया होऊन उडतो. मातीआड करून लगेच पाणी. सकाळी दव असताना तर नाहीच, पोंग्यात, शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत, युरियाचे दाणे अडकून पानं करपतात. बांधावर झाडाखाली खुर्ची ठेवायला सांगितलीय, पाठीला टेकू असलेली. तिथून सांगायचं, वाकायचं नाही.

आई, पट्टा बांधल्याशिवाय यांना घराबाहेर सोडू नकोस. रात्रीची गोळी तुझ्यासमोर. तुझेही गुडघे दुखतात, मला सगळं कळतं; लपवू नकोस.

बाबा, आठवतं? "तुझ्या गुडघ्याला लागला की सांग" म्हणायचात, आणि मी रोज सकाळी सरीत जाऊन उभी राहायचे. दुसऱ्या हप्त्याला मी येतेय, रजा टाकलीय. तोवर तुमच्या गुडघ्याने मोजा आणि रोज संध्याकाळी फोनवर सांगा.

तुमची,
धाकटी