दादाच्या सहीसाठी थांबलेल्या मॅडमना

मॅडम,

ग्वाल्हेरच्या बाड्यावरच्या तुमच्या बँकेच्या शाखेतून आम्ही घरी आलो त्याला तीन आठवडे झाले. अजून आठवलं की घसा दाटतो, म्हणून लिहितेच.

दादाला स्किझोफ्रेनिया होऊन एकवीस वर्षं झाली. बाबांमागे त्याची फॅमिली पेन्शन सुरू झाली आणि त्याच्या पैशांना वाटा फुटल्या. 'मी सांभाळतो' म्हणत एका नातेवाइकानं कार्ड नेलं, हिशेब आजतागायत दिला नाही. आधीच्या बँकेतल्या साहेबांनी डॉक्टरांचा कागद चारचौघांत मोठ्यानं वाचला आणि मला म्हणाले, "इनको साथ मत लाया कीजिए." दादा माझ्या शेजारीच उभा होता.

कायद्याचा आधार शोधला, तर २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यातला नामनिर्देशित प्रतिनिधी उपचारांपुरता. मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमायची सोय १९८७च्या कायद्यात होती, ती नव्यात उरली नाही. काही अपंगत्वांसाठी पालक नेमून देणाऱ्या १९९९च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात हा आजार बसत नाही. मग पालक नेमून घ्यायला हायकोर्टात जा. औषधं कुठून आणायची याची चिंता असलेल्या घरानं वकील कुठून आणायचा?

तुम्ही खात्यांची घडी बसवून दिलीत, त्याचे आभार आहेतच. पण मला घेऊन बसलंय ते वेगळंच. स्लिप तुम्ही माझ्याकडे दिली नाहीत. दादासमोर ठेवलीत आणि मराठीत विचारलंत, "दादा, आज किती काढायचे?" औषधांनी त्याचा हात कापतो. तो पूर्ण नाव लिहितो, मग मागे जाऊन एकेक अनुस्वार देतो. कागद सरकू नये म्हणून तुम्ही कोपरा बोटानं दाबून धरलात. मागची रांग कुरकुरली, तर म्हणालात, "त्यांची सही होऊ द्या." सहाशे रुपये त्याच्याच तळहातावर मोजलेत. त्यानं दोनदा मोजले, तुम्ही दोन्ही वेळा थांबलात.

मॅडम, इतकी वर्षं मीसुद्धा त्याला पन्नास-पन्नास रुपये देत आले आणि पाकीट कुलपात ठेवत आले. भीती खोटी नव्हती. आजार उसळला तेव्हा त्यानं एका दुपारी सगळी पेन्शन वाटून टाकली होती. पण बऱ्या दिवसांतही मी त्याला कधी विचारलं नाही. माणसाला विचारावं, एवढं साधं सौजन्य आपण घरातच आधी विसरतो.

आता दर सोमवारचे सहाशे त्याचे. परवा त्यातून त्यानं तिळगुळाची गजक आणली. एक पुडा वेगळा बांधून फडताळात ठेवलाय, कुणाला हात लावू देत नाही. सोमवारी तो तुमच्या खिडकीशी येईल. नको म्हणू नका.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली एक बहीण