सौर पंप घेण्याआधी विहिरीत दोरी सोडा

संपादक महोदय,

'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत पंप किती एचपीचा मिळणार, हे सातबाऱ्यावर ठरते. अडीच एकरांपर्यंत 3, पाच एकरांपर्यंत 5, त्यापुढे साडेसात. दहा टक्के हिस्सा (अनुसूचित जाती-जमातींसाठी पाच टक्के) भरला की रात्रीची पाळी आणि डिझेलचा कॅन दोन्ही सुटतात, म्हणून शेतकरी अर्ज करतात. त्यात गैर काहीच नाही. मात्र पाणी वर येते ते हेडच्या हिशेबाने (हेड म्हणजे चढ, पाइपातले घर्षण आणि लागणारा दाब धरून पंपाला पाणी एकूण जितके मीटर चढवावे लागते ते), आणि 'हेड किती?' हा प्रश्न बहुतेकांच्या कानावर पहिल्यांदा पडतो तो पंप बसल्यावर.

हिशेब अवघड नाही. एप्रिल-मेमध्ये, मोटर दोन तास चालल्यावर, दोरीला वजन बांधून विहिरीत सोडा. समजा पाणी 70 फुटांवर लागले, म्हणजे सुमारे 21 मीटर. पाणी सोडायचे ठिकाण विहिरीच्या काठापासून 20 फूट उंचावर आहे, ते 6 मीटर. झाले 27. आता पाइप: 63 मिमीच्या पाइपातून ताशी 9 हजार लिटर पाणी 300 मीटर न्यायचे, तर घर्षणातच 8 मीटरच्या वर जातात. (75 मिमीचा पाइप टाकला, तर हाच तोटा निम्म्याहून खाली येतो. पाइपात वाचवलेला पैसा असा रोज पाण्यात वसूल होतो.) एकूण 36 मीटर. ठिबक असेल तर ड्रिपरला लागणारा दाब आणि फिल्टर मिळून आणखी बारा-पंधरा. म्हणजे 50.

या विहिरीत 30 मीटर हेडचा पंप उतरवला तर काय होते? शेतकरी फुटात बोलतो आणि पंपाच्या पाटीवर मीटर असतात, तिथेच पहिली गफलत होते. दुसरी गफलत पाहणीच्या वेळेची. ती पावसाळ्यानंतर झाली की विहीर तुडुंब असते, पाणी 20 फुटांवर दिसते आणि 30 मीटरचा पंप भरपूर वाटतो.

मग मार्चपासून तक्रार सुरू होते: 'सकाळी मोटर फिरते, पाणी येत नाही.' पॅनेल बिघडलेले नसते. ऊन कोवळे असताना कंट्रोलर (पॅनेलच्या विजेनुसार मोटरचा वेग ठरवणारी पेटी) मोटरला 50 ऐवजी 40 हर्ट्झवर चालवतो. पंपाचा दाब वेगाच्या वर्गाने घटतो. म्हणजे वेग 80 टक्के झाला की दाब 64 टक्केच उरतो. ज्या पंपाचा कमाल दाब (ज्या उंचीवर पाणी यायचे थांबते ती) पूर्ण वेगात 40 मीटर, तो तेव्हा 26 मीटरच्याही आत राहतो आणि 27 मीटरचा चढ त्याला चढत नाही. मोटर नुसतीच घुमते. सबमर्सिबलला (पाण्यात बुडवलेल्या मोटरला) थंड ठेवते ते तिच्या अंगावरून वाहणारे पाणीच, त्यामुळे रोज तास-दोन तास असे चालले की मोटरच्या वाइंडिंगवर (तारेच्या गुंडाळीवर) येते.

उलट चूकही होते. त्याच 3 एचपीत 70 मीटरचा पंप नाल्याकाठच्या उथळ विहिरीत बसवला, तर स्टेज (एकावर एक बसवलेले टप्पे) जास्त, इम्पेलर (पाणी ढकलणारी फिरती चकती) लहान आणि पाणी कमी. आणि हेड खरोखरच जास्त असेल, तरी पॅनेल तेवढेच असतील तर उपसा 30 मीटरवरून 50 वर गेल्यावर दिवसाचे पाणी साधारण चाळीस टक्क्यांनी घटणारच. त्यात पंप बसवणाऱ्या एजन्सीचा दोष नाही, पण हे पैसे भरण्याआधी कुणीतरी सांगायला हवे.

म्हणून अर्जातच उन्हाळी पातळी, चढाची उंची, पाइपाची लांबी व व्यास आणि ठिबक आहे की नाही, हे चार रकाने सक्तीचे करावेत. एचपी सातबाऱ्यावर ठरवायची तर ठरवा; त्या एचपीत कोणत्या हेडचा पंप, हे मात्र या रकान्यांवरून ठरावे. पॅनेलच्या सांगाड्याच्या खांबावर योजनेची पाटी लागतेच. तिच्याखाली 'इतक्या मीटरवर दिवसाला इतके लिटर' असा तीन ओळींचा तक्ता रंगवायला फारसा खर्च येत नाही. पाच वर्षांच्या हमीच्या काळात 'पाणी कमी येते' ही तक्रार खरी की खोटी, हे मग बादली आणि घड्याळ घेऊन बांधावरच ठरवता येईल.

आपला,
पंप दुरुस्तीच्या कामातील एक वाचक