सायलेन्सरात पांढरा रस्सा

प्रिय जाड्या,

आधी शिव्या घाल, मग पुढं वाच. आपले गॅरेजवाले मेस्त्री गेल्याचं तुला ग्रुपवरच्या स्टेटसवरनं कळलं, मी फोन केला नाही. त्या दिवशी करायला हवा होता, दुसऱ्या दिवशी लाज वाटली, आठवड्यानं जास्तच लाज वाटली, असं करत करत दिवाळी गेली, संक्रांत गेली. आईचं बीपी गोळीवर आहे, माझी शुगर काठावर, बाकी सगळे बरे.

आज लिहायला बसलोय ते आपल्या यामाहा आरएक्समुळं. घरात कुणाला सांगावं तर हिचं म्हणणं, विकून टाका तो डबडा. तुला सांगितलं तर निदान तू आधी मला खुळ्यात काढशील आणि मग ऐकशील.

झालं असं, दिवाळीनंतर गाडी काढली तर सायलेन्सरच्या शेपटाला पांढरं. राखेसारखं नाही, मिठासारखं, खरबरीत. टू-स्ट्रोकचं शेपूट म्हणजे कसं असतंय, काळं, ओलं, तेलकट, हात लावला की साबणानं पण निघत नाही. आणि इथं पांढरा रस्सा! तांबडा असता तर गंज म्हणून सोडून दिला असता. सकाळी गाडी काढली की खालच्या शहाबादीवर पण दोन-तीन पांढरे ठिपके.

माझ्या डोक्यात पहिलं आलं ते लीन मिक्श्चर, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. पेट्रोलात आता वीस टक्के इथेनॉल, त्या मानानं कार्बोरेटरातला पेट्रोल सोडणारा जुना जेट कमी पडतो, इंजिन तापतं, प्लग पांढरा पडतो, पुढं पिस्टनला भोक. आणि जेट कुणी बदललेला? मेस्त्रींच्या पोरानं, दिवाळीच्या आधी. झालं, माझं डोकं फिरलं. गेलो गॅरेजवर आणि चार गिऱ्हाइकांसमोर त्याला बोललो, बापाचा हात तुझ्यात नाही म्हणून. पोरगं काही बोललं नाही रे. गाडी आत घेतली, हेड खोललं, सायलेन्सर उतरवला, पैसे सांग म्हटलं तर "राहू दे काका" एवढंच.

आणि आत सगळं ठीक! प्लग मस्त चहाच्या रंगाचा. त्याच्यावर ॲल्युमिनियमचे चमचमते कण असते तर पिस्टन वितळतोय म्हणायचं, तसलं काही नाही. पिस्टनच्या डोक्यावर नेहमीचा काळा कार्बन, एक्झॉस्ट पोर्ट काळा आणि ओला, पुढचा बाक काळा. पांढरं कुठं, तर बफलच्या, म्हणजे सायलेन्सरातल्या आतल्या नळीवर आणि शेपटाला, तेवढंच. त्यानं मला बॅटरी मारून दाखवलं. इंजिनात काही जळून पांढरं झालं असतं तर प्लगपासनं शेपटापर्यंत खूण दिसायला पाहिजे ना? म्हणजे ही घाण इंजिनातनं आलेलीच नाही, सायलेन्सरातच कुठनं तरी निघतीय. मेस्त्री आपल्याला काय सांगायचे, "आधी प्लग वाचा, मग तोंड उघडा." मी नेमकं उलटं केलं.

(तू म्हणशील, हे मी तुला 98 सालापासनं सांगतोय. पन्हाळ्याच्या चढाला इंजिन जाम झालं तेव्हा टाकीत पेट्रोल होतं आणि टूटी ऑइलची डबी रिकामी होती, आणि ती भरायची पाळी तुझी होती. आज पण तुझीच होती. हा विषय मी मरेपर्यंत सोडणार नाही.)

मग पुराचा संशय घेतला. 2019 च्या ऑगस्टात शाहूपुरीत पाणी आलेलं तेव्हा चौघांनी गाडी जिन्यावरनं वर नेलेली, तू पुण्यातनं व्हिडिओ कॉलवर "हँडल धरा, हँडल धरा" करत होतास, उपयोग शून्य. पण शेपूट बुडलेलं का काय कुणाला आठवतंय. आणि पुराचा गाळ एवढ्या वर्षांनी बाहेर येतोय होय? आला तरी मातकट असणार, असा पांढराशुभ्र नाही.

शेवटी उत्तर स्वयंपाकघरात सापडलं. मी ते पांढरं चाकूनं खरवडून ताटलीत घेतलेलं, हिनं बघितलं आणि ओरडली, माझ्या ताटलीत गाडीची घाण! बघू तर म्हणून वर लिंबू पिळलं. फसफसलं रे! खायच्या सोड्यासारखं. ओलं करून बोटांत चोळलं तर साबणासारखं बुळबुळीत. हिचा तोवर राग उतरलेला, म्हणाली हळद टाकून बघा, आमची आजी हळदीत चुना घालून कुंकू करायची. टाकली चिमूटभर. लालभडक झाली.

जाड्या, कॉस्टिक सोडा.

आठवलं का? गणपतीच्या आधी सायलेन्सर चोक झालेला, गाडी पन्नासच्या वर जात नव्हती. मेस्त्रींनी शेपटाला बूच मारून आत कॉस्टिकचं पाणी भरून रातभर ठेवलेलं, त्यांची नेहमीची पद्धत. आणि मग तीन पाणी. "दोन पाण्यानं काळं जातंय, तिसऱ्यानं कॉस्टिक जातंय," हे आपण हजारदा ऐकलंय. मी संध्याकाळी गेलो तेव्हा दोन झालेली. घरी पाहुणे येऊन बसलेले, मी म्हटलं असू दे हो मेस्त्री, चालतंय. ते म्हणाले, एक राहिलंय. मी म्हटलं, लावा, लावा. छातीला हात लावून बसलेले बाकड्यावर, मला वाटलं ॲसिडिटी. लावला त्यांनी. वीस दिवसांत गेले.

आत राहिलेलं कॉस्टिक धुराबरोबर धुण्याचा सोडा होऊन बसलं, थंडीत सकाळी सायलेन्सरात पाणी धरतंय त्यात विरघळून शेपटापर्यंत आलं, वाळलं, पांढरं. एवढंच. इंजिनाला काही झालं नाही. बोललो मात्र त्या पोराला.

त्या दिवसापासनं गॅरेजवरनं जाताना मी उलट्या बाजूनं जातोय. काय बोलायचं ते कळत नाही. तुझ्या जेटचा दोष नव्हता म्हणू? का मी तुझ्या बापाला शेवटचं काम पुरं करू दिलं नाही म्हणू? पहिलं सांगितलं की दुसरं आपोआप कळतंय त्याला, तो मेस्त्रींचाच पोरगा आहे. तू असतास तर आधी आत जाऊन काहीतरी फालतू जोक मारला असतास, मग मी आलो असतो. आपण नेहमी असंच केलंय, मार तू खायचास, मागनं मी यायचो. शनिवारी येतोस का? अर्धी गाडी तुझी आहे, आणि अर्ध्या गाडीवर बसून पुण्याहून कसं यायचं ते तू बघ.

पोरीला बारावीत चांगले पडले म्हणे, तिला पेढे मी देणार आहे. गुडघ्याचं डॉक्टरला दाखवलंस का? दाखव. वहिनींना सांग, कांदा-लसूण मसाला कुरिअरनं पाठवतोय, मागच्या वेळचा फुटलेला तो.

सायलेन्सर पाण्याच्या बॅरलजवळ उभा करून ठेवलाय. परवा एक पाणी काढलं, काल दुसरं. प्रत्येक वेळी चमचाभर बाजूला काढून वर हळद टाकतोय. पहिल्याला लाल झाली, दुसऱ्याला केशरी. आज सकाळी तिसरं काढलं, हिला बोलवून दाखवलं, ती म्हणाली पिवळीच आहे. मला अजून जराशी लाली दिसतीय. रात्री चौथं काढतो.

तुझा,
खडूस