मंत्रीसाहेब, बर्फाची गुहा राहू द्या, लेणीच्या पायऱ्यांना कठडा द्या

मा. मंत्रीसाहेब,
सप्रेम नमस्कार.

परवाच्या सभेत तुम्ही जाहीर केलं की आमच्या मराठवाड्यात मशीननं बर्फ गोठवून गुहा करणार, शेजारी फायबरचे सुळके लावून बेलमच्या चुनखडीच्या गुहेसारखं भुयार करणार. मी ते भाषण फोनवर बघत होतो. बाजूला आई पडलेली, पाय प्लास्टरमध्ये.

आमच्या तालुक्यातल्या लेणीच्या पायऱ्यांवरून ती घसरली. पावसाळ्यात तिथं शेवाळ धरतं, वरचं पाणी पायऱ्यांवरूनच वाहतं अन् धरायला काही नाही. ह्याच कामाचं नारळ तुम्ही मागच्या निवडणुकीआधी फोडलं होतं, कठडा, पिण्याचं पाणी, बायांसाठी संडास, सगळं वर्षात करतो म्हणला होतात. कोनशिला आहे अजून, तिच्या मागं खडीचा ढीग पडलाय त्याच्यावर गवत उगवलंय. आईला आम्ही चादरीच्या झोळीत घालून वर रस्त्यावर आणलं, तिनं ओरडू नये म्हणून तोंडात पदर कोंबून घेतला होता. दवाखान्यात एक्स-रेवाला जागेवर नाही, तिथं बाकड्यावर ताटकळत बसलो ते वेगळंच.

साहेब, बेलम मी लेकरांना घेऊन बघितलंय. आंध्रात आहे, ३,२२९ मीटर लांब, २००२ पासून लोकांसाठी खुलं. पावसाचं पाणी हवेतला अन् मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन जरासं आम्लधर्मी होतं आणि लाखो वर्षं चुनखडी विरघळवत जातं, तवा कुठं तसली गुहा होते. आपला दगड बेसाल्ट, म्हणजे काळा कातळ, तो तसा विरघळत नाही, म्हणून आपल्याकडं माणसांनी छिन्नी-हातोडा घेऊन वेरूळ कोरलं. बर्फाचं म्हणाल तर ऑस्ट्रियात आइसरीजेनवेल्ट म्हणून ४२ किलोमीटरची गुहा आहे, हिवाळ्यातली गार हवा आत शिरून खडक थंड करते अन् बर्फ वितळून झिरपलेलं पाणी आत पुन्हा गोठतं. तिथं आतमध्ये विजेचे दिवेसुद्धा लावले नाहीत, बघायला येणाऱ्यांच्या हातात कार्बाइडचे कंदील देतात. इतकं जपतात लोक! अन् तुम्ही मे महिन्यात मराठवाड्यात बर्फ गोठवणार. पाणी कुठून आणणार? २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेलं विसरलात का? आमच्या गावात उन्हाळ्यात टँकर आला की बाया घागरी घेऊन पळतात, त्यांना काय सांगू?

आणि हे फक्त लेणीचं नाही. निधीत आमच्या मराठवाड्याला न्याय्य वाटा मिळावा म्हणून असलेल्या वैधानिक विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. सप्टेंबर २०२३ ला संभाजीनगरात मंत्रिमंडळ बसलं, ४५ हजार कोटींच्या वर घोषणा झाल्या, त्यातला एक रुपया तरी आमच्या पायऱ्यांपर्यंत आला का? दर १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला, झेंडा, भाषण, नवीन आकडा. आम्ही मागतो कठडा अन् तुम्ही देता बर्फ, कामून? आम्हाला विचारतं कोण!

लेकरांना खरी गुहा दाखवायची असेल तर झेडपीच्या शाळांच्या सहली बेलमला पाठवा, एसटी द्या, सोबत भूगोलाचा मास्तर द्या. आणि लेणीच्या कठड्याचं टेंडर कधी निघणार ती तारीख लेखी कळवा. पाऊस संपायच्या आत कळवा, श्रावणात तिथं गर्दी होती अन् अजून कुणाची तरी आई घसरंल.

आपला,
एक मराठवाडेकर